साप सोडून भुई धोपटणारे

प्रतिविषाच्या चाचणीत उंदरांना होणाऱ्या यातना कमी करा, एवढं कुणी म्हणायचा अवकाश, समोरून ठरलेला टोला येतो. तिकडे डिंभ्याच्या पाणलोटात आदिवासी माणूस मण्यार चावून मरतोय आणि तुम्हाला उंदरांचा कळवळा सुटलाय! डिंभ्याच्या जागी कधी मेळघाट येतं, कधी भामरागड. गाव बदलतं, टोला तोच. पुण्या-मुंबईच्या सभागृहात हमखास टाळ्या घेणारं हे वाक्य आहे आणि ते बोलणारा बहुधा प्रामाणिकही असतो. तरीही त्याच्या पोटात एक लबाड गृहीतक आहे: उंदराला तडफडू दिल्याशिवाय डिंभ्याच्या माणसाला चांगलं औषध मिळणार नाही. ते खोटं आहे. पण आधी ही चाचणी असते तरी काय ते पाहू, कारण तिच्यावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी ती क्वचितच समजून घेतलेली असते.

प्रतिविष घोड्यांपासून बनतं. घोड्याला विषाचे लहानलहान, वाढत जाणारे डोस टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. आपल्याकडच्या कुपीत चार सापांवरची प्रतिपिंडं असतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आता या कुपीत दम किती, हे ठरवायचं कसं? भारतीय औषधकोशाचा दंडक असा की एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचं आणि घोणसाचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचं आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी केलं पाहिजे. हे मोजण्यासाठी आधी विषाची ताकद काढतात, म्हणजे टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे दगावतील अशी मात्रा शोधतात. मग त्या मात्रेच्या काही पट विष घेऊन त्यात प्रतिविष कमी-जास्त प्रमाणात मिसळतात, ते मिश्रण अर्धा तास ३७ अंशांवर ठेवतात आणि १८ ते २० ग्रॅम वजनाच्या उंदरांच्या शेपटीतल्या शिरेत टोचतात. एक-दोन दिवसांनी मेलेले आणि जगलेले मोजतात. एका विषासाठी पाच पातळ्या आणि दर पातळीला पाच-सहा उंदीर धरले तरी पंचवीस-तीस झाले. चार विषांचे शंभरावर गेले. हे झालं एका बॅचचं. सरकारी प्रयोगशाळेला फेरतपासणी करायची तर तेवढेच पुन्हा.

ज्या उंदरांच्या वाट्याला कमी प्रतिविष आलं, त्यांचं काय होतं? मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. घोणसाच्या विषाने आतल्या आत रक्त वाहतं. शुद्ध जातेच असं नाही. पिंजऱ्यात हे सगळं रात्रीही चालू असतं, आणि रात्री तिथे बहुधा कुणी नसतं. सकाळी माणूस येतो, मेलेले वेगळे काढतो, आकडा लिहितो.

चाचणीला हवा असतो एकच निकाल: हा डोस पुरला की नाही पुरला. उंदराने किती वेळ सोसलं, हा त्या निकालाचा भाग नाही. ते सोसणं कुठल्याच रकान्यात लिहिलं जात नाही आणि कुठल्याच सूत्रात धरलं जात नाही. मग ते कमी केल्याने डिंभ्याच्या माणसाचं नुकसान कसं होईल, हे टोला मारणाऱ्यांनी कधी सांगितलेलं नाही.

आता डिंभ्याकडे वळू, कारण त्याचं नाव घेणाऱ्यांनी तिथे माणूस मरतो कसा हेही पाहायला हवं होतं. डिंभ्याचं धरण घोड नदीवर आहे. जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. ज्या गावावरून तालुक्याला हे नाव पडलं, ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली गेलं. पाण्याच्या कडेने आणि वर आहुप्याच्या दिशेने डोंगरउतारावर महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या आहेत. पावसाळ्यात भाताची खाचरं, हंगामात हिरडा, आणि रात्री जमिनीवर अंथरूण. मण्यार रात्रीची घरात शिरते, झोपेतल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. फारशी सूज येत नाही, जागा ठणकत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात. पान लागलंय हे घरच्यांच्या ध्यानात येईपर्यंत उजाडलेलं असतं. त्यात कुणी आधी भगताकडे नेलं तर आणखी वेळ गेला. मग गाडी शोधायची, घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं, तिथून कदाचित मंचर, कदाचित थेट पुणे.

मण्यारीच्या विषाचा सगळ्यात वाईट गुण असा की ते मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. एकदा तो घाव बसला की प्रतिविषाच्या कितीही कुप्या ओतल्या तरी टोकं दुरुस्त होत नाहीत. ती पुन्हा वाढेपर्यंत माणसाला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं, कधीकधी कित्येक दिवस. म्हणजे डिंभ्याच्या माणसाला हवी असते वेळेत मिळालेली गाडी, जवळच्या दवाखान्यात भरलेल्या कुप्या, त्या द्यायला न घाबरणारा डॉक्टर, आणि श्वास देणारं यंत्र. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं याच पट्ट्यात सर्पदंशावर उपचार करत आणि गावोगाव हेच सांगत आले आहेत: तोडगे सोडा, वेळ घालवू नका. उंदराला वेदनाशामक दिलं म्हणून यातलं काय कमी होतं? घोडेगावला जाणारी गाडी उशिरा सुटते? कुप्या कमी भरतात? भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मांडला गेला. त्यांतली जवळपास निम्मी ३० ते ६९ वयाची, म्हणजे घर चालवणारी, आणि पाव हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं. एवढ्या मृत्यूंचा हिशेब मागायचा तर तो आरोग्यव्यवस्थेकडे मागावा लागतो. तिथे ते अवघड आणि अडचणीचं. उंदरांच्या बाजूने बोलणाऱ्याला झोडपणं सोपं. साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच; इथे तर साप समोर दिसत असताना भुई धोपटतात.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे, आणि तो प्रयोगशाळेतल्या माणसांचा आहे. ते म्हणतात, वेदनाशामकाने निकाल बिघडतो. हा प्रश्न खरा आहे. मॉर्फिनच्या जातीची औषधं श्वास मंद करतात, आणि नाग-मण्यारीच्या विषाने मृत्यू येतो तोच श्वास थांबून. दाह कमी करणाऱ्या काही गोळ्या रक्त गोठण्यात लुडबुड करतात, आणि घोणस-फुरशाचं विष मारतं तेच रक्तावर. म्हणून कुठल्या विषाला कुठलं औषध, किती आणि कधी, हे एकेक करून तपासूनच ठरवावं लागेल. पण ते तपासता येतं. विषाची मूळ ताकदही त्याच वेदनाशामकासह मोजली तर तुलना सरळ राहते. कोस्टारिकातली क्लोदोमिरो पिकादो ही संस्था लॅटिन अमेरिकेसाठी प्रतिविष बनवते. तिथल्या संशोधकांनी ट्रामाडॉल देऊन चाचणी करून पाहिली. एक-दोन दिवसांऐवजी सहा तासच निरीक्षण करून आकडा टिकतो का, हेही पाहिलं. टिकू शकतो, असं त्यांचे निष्कर्ष सांगतात. सहा तासांचा आणखी एक फायदा कुणाच्या चटकन लक्षात येत नाही: सहा तास म्हणजे एक पाळी. सगळं दिवसाउजेडी, माणसाच्या नजरेसमोर होतं.

आणि नजरेसमोर झालं की पुढची गोष्ट शक्य होते. उताणा केलेला उंदीर स्वतःहून उलटू शकत नाही, श्वासासाठी धडपडतोय, तो वाचणार नाही हे स्पष्ट आहे. अशा वेळी त्याला तिथेच वेदनारहित मरण द्यायचं आणि ‘मेला’ म्हणून मोजायचं. निकाल तोच, यातनांचे तास गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतिविषाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वेदनाशामक आणि वेळीच दिलेलं मरण या दोन्ही गोष्टींचा विचार करावा, असं म्हटलेलंच आहे. म्हणजे मी काही तिसऱ्या जगातल्या हळव्या मनाचं खूळ मांडत नाही. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राणी-प्रयोगांची जी त्रिसूत्री मांडली, पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना घटवा, तिच्यातलं हे तिसरं सूत्र. साठ वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडे ते बहुतेक वेळा फक्त नीतिसमितीच्या अर्जातल्या एका रकान्यापुरतं उरतं.

खर्चाचं कारण देणाऱ्यांशी मला फार वाद घालायचा नाही. ट्रामाडॉल हे महाग औषध नाही. महाग पडतो तो पिंजऱ्यापाशी बसून पाहणारा प्रशिक्षित माणूस, आणि तो नेमायचा नसतो.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. ‘सगळ्या प्राणी-चाचण्या आजच बंद करा, पर्याय आले आहेत’ असं म्हणणारेही माझ्याच बाजूचे समजले जातात. मी त्यांच्या बाजूचा नाही. पर्याय आले आहेत, पण अर्धे. काचेच्या तबकडीवर प्रतिपिंड विषाला चिकटतं की नाही हे पाहता येतं. रक्तद्रव गोठायला किती वेळ लागतो हे पाहता येतं. या चाचण्या चांगल्या आहेत, स्वस्त आहेत, आणि उत्पादन चालू असताना मधल्या टप्प्यांवर त्याच वापरायला हव्यात. पण चिकटलेलं प्रतिपिंड विषाला निकामी करतंच असं नाही, आणि मण्यारीच्या विषात एकाच वेळी वेगवेगळ्या जागी घाव घालणारे घटक असतात. २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतले संशोधक यांनी नागवर्गातल्या सापांच्या विषातल्या एका घातक प्रथिनगटावर मानवी प्रतिपिंड शोधलं. २०२५ मध्ये नोबेल विजेते डेव्हिड बेकर यांच्या गटाने त्याच प्रथिनगटाविरुद्ध संगणकावर नवी प्रथिनं रचून दाखवली. दोन्ही कामं पाहून हरखून जावं अशी. दोन्हींचा शेवटचा दाखला मात्र उंदरांवरच घेतलेला आहे.

आणि चाचणी न घेता विश्वास ठेवला की काय होतं, हे मुंबईनेच जगाला दाखवलं होतं. १८९०च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषापासून पहिलं प्रतिविष बनवलं आणि ते इतर सापांवरही चालेल असा त्यांचा दावा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लॅम्ब यांनी ते तपासलं. नागावर ते चाललं. घोणसावर चाललं नाही. तो दावा तसाच चालू राहिला असता तर घोणस चावलेल्या किती जणांना निरुपयोगी द्रव टोचला गेला असता, याची कल्पना करा. फार मागेही जायला नको. २००० नंतरच्या दशकात घाना देशात जुनं प्रतिविष बाजूला सारून भारतात बनलेलं, भारतीय फुरशाच्या विषावर बेतलेलं स्वस्त प्रतिविष आणलं गेलं. तिथल्या फुरशाची जात वेगळी. एका ग्रामीण रुग्णालयात दंशाने मरणाऱ्यांचं प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेलं. तिथल्या सापाच्या विषाविरुद्ध आधी पिंजऱ्यात नीट परीक्षा झाली असती तर ती परीक्षा माणसांना द्यावी लागली नसती. चाचणीच नको म्हणणाऱ्यांनी हा आकडा नजरेआड करू नये.

घानाचं हेच उदाहरण घेऊन पुन्हा आपल्याकडे आलं की खरी अडचण दिसते. आपल्या कुप्यांसाठी लागणारं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेतून येतं. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली उभी राहिलेली ही संस्था. तिने पिढीजात सर्पपकड्यांना कायदेशीर रोजगार दिला, याबद्दल तिचं कौतुकच करायला हवं. पण सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. तामिळनाडूतल्या घोणसाचं विष आणि सह्याद्रीतल्या घोणसाचं विष एकच असेल, असं धरून चालता येत नाही. सुनगर यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवून दिलं की आपलं प्रतिविष या चौघांखेरीजच्या विषारी सापांवर, आणि ठिकठिकाणी या चौघांच्याच भाईबंदांवरही, तोकडं पडतं. भीमाशंकरच्या रानातल्या हिरव्या चापड्यासाठी तर आपल्या कुपीत काहीच नाही. चापडा सहसा जीव घेत नाही, हे नशीब.

म्हणजे होतं काय? तामिळनाडूच्या विषाने घोडा तयार केला, तामिळनाडूच्याच विषाने उंदीर मारून पाहिला, कुपी उत्तीर्ण झाली, आणि ती जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या फडातल्या घोणसाला सामोरी गेली. शेकडो उंदीर मेले ते भलत्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. उपचाराच्या मार्गदर्शक तत्त्वांत घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडतो असं धरलंय. दहा मिलिलिटरची एक कुपी त्यातलं ६ मिलिग्रॅम निकामी करते. म्हणून सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी. आपल्या घोणसाचं विष त्या कुपीला दाद देत नसेल, तर कुप्यांची संख्या वाढते, घोड्याच्या प्रथिनांची ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो आणि वेळ जातो. ज्यांना डिंभ्याच्या माणसाची खरोखर काळजी आहे त्यांनी ही मागणी करायला हवी होती: महाराष्ट्रातल्या सापांचं विष गोळा करा, त्याविरुद्ध कुपी तपासा आणि निकाल जाहीर करा. त्यासाठी थोडे उंदीर लागतील. त्याला माझी हरकत नाही. त्यांना वेदनाशामक द्या.

उंदरांच्या वादात घोड्यांचा विसर पडतो, म्हणून एवढं सांगतो. जुन्नर तालुक्यात नारायणगावला प्रीमियम सीरम्स ही कंपनी आहे. ती आफ्रिकेतल्या सापांसाठीही प्रतिविष बनवते. पिंपरीला हाफकिनचं उत्पादन केंद्र आहे. जुन्नरच्या माणसाला घोडा म्हणजे कुपीतल्या औषधाचा कच्चा माल, ही गोष्ट दूरची नाही. घोड्याकडून किती रक्त घ्यावं याच्या मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने आखून दिल्या आहेत, आणि रक्तद्रव काढून घेतल्यावर लाल पेशी परत घोड्याच्याच अंगात सोडण्याची पद्धतही सुचवली आहे. त्याने घोडा अशक्त होत नाही, जास्त वर्षं टिकतो. इथे दया आणि नफा एकाच बाजूला आहेत. तरीही ही पद्धत सक्तीची नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

काय व्हायला हवं, हे आता लांबण लावून सांगायची गरज नाही. मधल्या टप्प्यांवर उंदीर नकोत, तबकडीच्या चाचण्या पुरेत. एखाद्या उत्पादकाच्या प्रतिविषाची ताकद एकदा पक्की ठरली की पुढच्या बॅचला पूर्ण मोजदाद कशाला? दंडक गाठला की नाही एवढंच पाहणारी लहान चाचणी पुरे. वेदनाशामक आणि वेळीच मरण औषधकोशाच्या पुढच्या आवृत्तीत सक्तीचं करा. ‘विचार करावा’ असं लिहून सोडू नका. उत्पादकाची आणि सरकारी प्रयोगशाळेची चाचणी दोनदा होऊ नये यासाठी नमुन्यांचा मेळ घाला. आणि कुपीवर ती कुठल्या प्रदेशातल्या विषाविरुद्ध तपासली आहे हे छापा, म्हणजे घोडेगावच्या डॉक्टरला आपल्या हातात काय आहे ते कळेल.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून पुढे आलेला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० पासून पुस्तकात आहे. प्रयोग काळजीने आणि माणुसकीने व्हावेत, शक्य तिथे ते टाळावेत, आणि प्राण्यांची प्रयोगाआधी व नंतर नीट देखभाल व्हावी, असे नियम करण्याचा अधिकार त्याच्या १७ व्या कलमाने प्राणी-प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला दिलेला आहे.